सल्ला हवा: ८४ वर्षांच्या सासूबाई आणि दहावीतला भाचा, दोघांनाही एकत्र बघता येईल असं काय आहे?

विश्रामबागकर
नमस्कार मंडळी. सांगलीत मे महिन्यात दुपारी घराबाहेर पाऊल टाकवत नाही, हे इथल्या लोकांना सांगायला नको. नणंद मुलांना घेऊन पुण्याहून येतेय. मागच्या सुट्टीत असं झालं की जो तो आपापला मोबाइल घेऊन वेगवेगळ्या खोलीत आणि सासूबाई हॉलमध्ये एकट्या टीव्हीसमोर. यंदा तसं होऊ द्यायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलंय. दुपारची जेवणं झाली की सगळ्यांनी एकत्र बसून काहीतरी बघायचं.

अडचण अशी की सासूबाईंना कमी ऐकू येतं. कानाला मशीन आहे, पण सिनेमात मागचं संगीत सुरू झालं की त्यांना शब्द लागत नाहीत. मग कानामागे हात धरून 'काय म्हणाला गं तो?' विचारतात, आणि आम्ही सांगेपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून जातात. थोड्या वेळाने त्या विचारायचंच सोडून देतात. ते मला बघवत नाही.

अलीकडे आम्ही घरी 'आता थांबायचं नाय' पाहिला. मुंबई महापालिकेचे कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात त्याची गोष्ट. सगळ्यांना मनापासून आवडला. भरत जाधवचं इतकं शांत काम मी आधी पाहिलं नव्हतं. 'वाळवी' मला आणि ह्यांना फार आवडला, पण सासूबाई मध्येच उठून गेल्या. खुनाचा बेत आखताना लोक हसतात कशाला, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या बाजूने बघितलं तर बरोबरच आहे.

जुन्या मालिकाही चालतील. सासूबाईंना नाटकाचं वेड. भावे नाट्यमंदिरात त्यांनी पाहिलेल्या नाटकांबद्दल अजून तासन् तास बोलतात.

हरिपूरकर
ताई, तुमच्या शेवटच्या ओळीतच उत्तर आहे. सासूबाईंचा कान नाटकावर तयार झालाय. त्यांना नाटकातून आलेले नट द्या. 'संगीत शारदा' लिहिणारे गो. ब. देवल आमच्या हरिपूरचे, त्यामुळे हा विषय निघाला की मला राहवत नाही.

नाटकातला नट शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोचवायला शिकलेला असतो. वाक्याचा शेवट गिळत नाही. दूरदर्शनच्या आणि सुरुवातीच्या अल्फा मराठीच्या मालिकांत बहुतेक अशीच मंडळी होती. बरंचसं चित्रीकरण घरातल्या खोल्यांत, माणसं समोरासमोर बसून बोलतायत, आणि बोलणं चालू असताना मागे ढोल-ताशे नाहीत. आजच्या सिनेमात पात्रं कुजबुजतात आणि त्यावर वाद्यवृंद चढवलेला असतो. धडधाकट कानांनाही ते जड जातं.

म्हणून माझं पहिलं नाव 'श्रीयुत गंगाधर टिपरे'. २००१ साली सुरू झाली. दिलीप प्रभावळकरांच्या 'अनुदिनी' या पुस्तकावर आधारलेली, दिग्दर्शन केदार शिंदे यांचं. आबा, शेखर, श्यामला, शलाका, शिऱ्या. पाच माणसांचं साधं मध्यमवर्गीय घर. कुणी कुणाला विष घालत नाही, कुणाची स्मृती जात नाही. एक भाग म्हणजे एक घरगुती प्रसंग, तिथेच सुरू आणि तिथेच संपतो. त्यामुळे आजींचा मध्येच डोळा लागला तरी काही बिघडत नाही. शुभांगी गोखले आणि राजन भिसे यांच्यातलं नवरा-बायकोचं बोलणं नीट ऐका. तुमच्या-माझ्या घरातलंच आहे ते.

आणि मुलांना एक सांगा: हे आबा झालेले प्रभावळकर म्हणजेच 'झपाटलेला'मधला तात्या विंचू. भाचा लगेच मोबाइल खाली ठेवेल.

कोरेगावचा_पोरगा
वहिनी, 'लागिरं झालं जी' लावा की! आमच्या सातारच्या मातीतली मालिका. अज्याला फौजेत जायचं असतंय, शीतलीचा तोरा एकीकडं, दोघांच्या घरच्यांचं वाजलेलं एकीकडं. तेजपाल वाघांनी लिहिली, ते आमच्या वाईचंच. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस फौजेत. अपशिंग्याला तर गावाच्या नावातच मिलिटरी हाय. त्यामुळं ती भरतीची धडपड बघताना आमच्या घरात आई-आज्जीच्या डोळ्यात पाणी यायचं. बोलणं आपल्याकडचंच, आज्जीला एक शब्द अडायचा नाय.

मिरज_जंक्शन
'लागिरं'चे पहिले शे-दीडशे भाग अप्रतिम, त्यानंतर गोष्ट ताणली गेली असं माझं मत. रोजच्या मालिका सुट्टीत बघायला घेऊ नयेत. 'आभाळमाया' मला जीव की प्राण आहे. सुकन्या कुलकर्णींची सुधा आणि देवकी पंडित यांच्या आवाजातलं शीर्षकगीत आठवलं की अजून गलबलून येतं. पण ती सुट्टीत संपणार नाही आणि अर्धवट राहिली की चुटपुट लागते. टिपरेला माझं अनुमोदन.

कराडची_मृणाल
'लंपन' पाहिलीत का? सोनी लिव्हवर आहे, २०२४ ची. प्रकाश नारायण संतांच्या कथांवर, निपुण धर्माधिकारी यांनी केलेली. आई-वडिलांपासून लांब, आजी-आजोबांकडे राहणारा मुलगा, एवढीच गोष्ट. त्याच वर्षी गोव्याच्या इफ्फी चित्रपट महोत्सवात तिला सर्वोत्कृष्ट वेब मालिकेचा पुरस्कार मिळाला.

संत आमच्या कराडच्या महाविद्यालयात भूगर्भशास्त्र शिकवायचे. त्यामुळे लंपन आम्हाला घरचाच वाटतो, जरी त्याचं गाव सीमाभागातलं असलं तरी. मुलांना संतांचं लंपनवरचं 'वनवास' हे पुस्तक आधी वाचायला द्या, किंवा नंतर द्या, पण द्याच. मालिकेत घाई अजिबात नाही. गीतांजली कुलकर्णींची आजी बघताना तुमच्या सासूबाई काय म्हणतात ते मला इथे कळवा, खरंच उत्सुकता आहे.

पेठभाग
प्रभावळकरांचा विषय निघालाच आहे तर 'दशावतार' का नको? गेल्या सप्टेंबरात थिएटरला पाहिला. एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस चेहऱ्यावर रंग चढवून, जड पोशाखात पडदाभर उभा राहतो. नजर अधू होत चाललेला दशावतारी कलावंत, कोकणातलं गाव आणि डोंगरावर डोळा ठेवून आलेली खाणवाली माणसं. एवढ्या वयात इतकं अंगमेहनतीचं काम मराठी पडद्यावर मी तरी पाहिलेलं नाही. नाटकवेड्या आजींनी हा पाहिलाच पाहिजे.

मिरज_जंक्शन
पेठभाग, चित्रपट मोठा आहे, वाद नाही. पण ताईंनी जे सांगितलंय ते वाचा ना. मालवणी बोली, मागे दणदणीत संगीत आणि उत्तरार्धात बापाचं दुःख असं अंगावर येतं की आमच्या घरात नंतर कुणी बोललं नाही. सुट्टीच्या दुपारी सगळ्यांसोबत, तेही ज्यांना शब्द लागत नाहीत त्यांना घेऊन? मी नाही लावणार.

पेठभाग
मालवणीचं मान्य. पण आजींना दुःख झेपणार नाही असं आपण का धरून चालायचं? 'शारदा', 'एकच प्याला' पाहिलेली पिढी आहे ती. भरपूर रडून घेऊन प्रसन्न मनाने घरी येणारी. गोष्ट आधी पाच मिनिटांत सांगून ठेवा. पूर्वी नाटकाला जाताना कथानक माहीतच असायचं, तरी लोक नट बघायला जायचेच ना. माझ्या आईला मी असंच करून दाखवला. बोली कळली नाही तरी प्रभावळकरांचे डोळे कळले तिला.

हरिपूरकर
पेठभाग, ही युक्ती मला पटली. गोष्ट आधी सांगितली की शब्दांचा अर्धा भार हलका होतो. टिपरे आधी दाखवा, त्या चेहऱ्याची आणि आवाजाची सवय होऊ द्या, आणि मग शेवटी 'दशावतार'.

साउंडवाला_सांगली
सगळे काय बघायचं ते सांगतायत, मी कसं ते सांगतो. लग्नकार्यात स्पीकर लावणं हाच माझा धंदा.

आजच्या सडपातळ टीव्हीचे स्पीकर खाली किंवा मागे तोंड करून असतात. आवाज आधी भिंतीवर आपटतो आणि मग तुमच्याकडे येतो. त्यात हॉलमध्ये फरशी, काचेच्या खिडक्या, छताचा पंखा फुल्लवर. शब्द फाटणारच. आवाज वाढवून उपयोग नाही, संगीतही तेवढंच वाढतं. असं करा: टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाजाचा 'सिनेमा' प्रकार निवडलेला असेल तर काढा. 'स्पीच', 'क्लिअर व्हॉइस', 'न्यूज' यातलं जे असेल ते लावा. बास कमी करा. एक साधा छोटा स्पीकर टीव्हीला वायरने जोडून आजींच्या खुर्चीशेजारी स्टुलावर ठेवा, कानाच्या उंचीला. ब्लूटूथने जोडलात तर काही टीव्हींवर ओठ आधी हलतात आणि आवाज मागून येतो, म्हणून वायर बरी. आणि कानाच्या मशीनचं एकदा बघून घ्या. काही मशीनमध्ये टीव्हीसाठी वेगळी सोय असते, ज्यांच्याकडून घेतलं ते चालू करून देतात.

पडदे ओढून घेतले तर उन्हापासूनही बचाव होतो आणि खोलीतला घुमाराही कमी होतो.

विश्रामबागकर
दादा, तुमचा सल्ला लगेच करून बघितला. ह्यांच्याकडे जुना स्पीकर पडून होता, तो स्टुलावर ठेवला आणि टिपरेचा एक भाग लावला. सासूबाईंनी एकदाही 'काय म्हणाला' विचारलं नाही. भाग संपल्यावर म्हणाल्या, 'पुढचा लाव.' सगळ्यांचे मनापासून आभार.

ठरलं ते असं: रोज जेवणानंतर टिपरेचे भाग, मध्ये 'लंपन', आणि नणंद परत जायच्या आधी 'दशावतार', गोष्ट आधी सांगून. 'लागिरं'चे सुरुवातीचे भाग भाच्यासाठी राखून ठेवलेत, त्याला एनडीएत जायचंय. 'गुलकंद'चं मात्र कुणी काहीच बोललं नाही. सई ताम्हणकर आपल्या सांगलीची, तर एक दुपार तिलाही द्यावी म्हणते.

पेठभाग
'गुलकंद' बिनधास्त लावा. हलकाफुलका आहे. समीर चौघुले आणि ईशा डे यांच्यासाठी तर नक्कीच.

वाईकर
उशिरा येतोय, पण एक भर घालतो. यादीत 'महाराष्ट्र शाहीर' घ्या. शाहीर साबळे आमच्या पसरणीचे. २०२३ साली, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षात हा चित्रपट आला, दिग्दर्शक केदार शिंदे म्हणजे त्यांचा नातूच. टिपरेचेही तेच दिग्दर्शक, हे मुलांना सांगा. चित्रपट म्हणून मला मधला भाग थोडा विस्कळीत वाटला, पण गाणी आजींना शब्दन् शब्द पाठ असतील. त्या म्हणायला लागल्या तर चित्रपट थांबवा आणि त्यांना म्हणू द्या.

आणि नणंदबाई पुण्याला परत जाताना सुरूर फाट्यावरून वाईत वळणार असतील, तर मुलांना मेणवलीचा घाट दाखवा. 'स्वदेस'चं चित्रीकरण तिथलं. त्याचे दिग्दर्शक आशुतोष गोवारीकर, तुम्ही पाहिलेल्या 'आता थांबायचं नाय'मध्ये त्यांनी कामही केलंय. घाटावर मोठी घंटा आहे, चिमाजीअप्पांच्या वसईच्या स्वारीतून आलेली, आणि वर नाना फडणवीसांचा वाडा. सांगलीहून पहाटेच निघा. दहानंतर घाटाच्या पायऱ्या तापतात, अनवाणी चालवत नाही.