पाड्यावरच्या आजारी मुलांना भेटायला गेला होतात का? अनुभव लिहा

रानजाई:
कपाट आवरताना दंडाचा घेर मोजायची पट्टी सापडली आणि मेळघाटातला पावसाळा आठवला. धारणीच्या आतल्या बाजूला आरोग्य पथकासोबत जायचे. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलं की लाल, म्हणजे अतितीव्र कुपोषण. एरवी पोरं पट्टी ओढतात, चावतात, रडून घर डोक्यावर घेतात. त्या कोरकू घरातली दीड वर्षांची पोर नुसती बघत बसली. हाताला काही ओढच नाही. आई म्हणाली, "दवाखान्यात चौदा दिवस राहू, मग घरच्या दोघांना कोण बघंल? निंदणी बुडंल." तिला आमच्यातल्या एकाने अडाणी म्हटलं. ते मला अजून टोचतं. तिचा हिशेब चोख होता हो!

पावशा:
बुडीत मजुरी मिळते, पण आमच्याकडे हातात पडायची उशिरा. तोवर मीठमिरची कशाने आणायची?

मुक्ता_न:
पोरीचं काय झालं??

रानजाई:
आजी आली घर सांभाळायला, मग मायलेकी गेल्या. वजन वाढलं तिचं.

मुक्ता_न:
हुश्श. आजीला नमस्कार.

डोंगरवाट:
आम्ही भामरागडला. पर्लकोटेला पूर आला की पलीकडची गावं तुटतात, तिथे अँब्युलन्स काय करणार? गावातलीच बाई बाळाचं झबलं वर करून मिनिटभर पोटाकडे बघत श्वास मोजायची. दोन महिन्यांच्या आतलं बाळ आणि साठ किंवा जास्त, तर धोका. बंग दांपत्याच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीत गावातल्या बायकांना हेच शिकवलं, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलंय ते. सॉरी, कुकर झाला, नंतर लिहिते.

अनामिक७:
भूमकाकडून, म्हणजे गावच्या वैदूकडून, पोटावर चटके दिलेलं बाळ पाहिलंय मी. रात्री झोप लागली नाही.

पावशा:
माझीही तीच गत झाली होती. पण भूमकाला शिव्या देऊन काही होत नाही. रात्री दोनला दारात तोच असतो. त्यालाच सोबत घेऊन दवाखान्यात नेलं, तर आईबाप येतात.

सईची_आई:
चिखलदऱ्याची कॉफी प्यायलीय का कुणी? आम्ही गेलो तेव्हा धुक्यात काही दिसलंच नाही. बरं, लहान मुलांचे कपडे पाठवायचे आहेत, कुठे देऊ?

रानजाई:
कॉफी मस्तच! कपड्यांचं आधी अंगणवाडी ताईंना विचारा, काय लागतं ते त्या सांगतील. बाहेरून आलेले गठ्ठे ओल धरून पडलेले पाहिलेत मी.

डोंगरवाट:
आले परत. मेळघाटात कधी जावं? जानेवारीत गेलो तर अर्ध्या घरांना कुलूप.

पावशा:
कामाला बाहेर गेलेली असतात माणसं. होळीला सगळे परततात, वजनं तेव्हाच घ्यावीत. पोरं रस्ता अडवून फगवा मागतील, सुटे पैसे ठेवा.

सईची_आई:
मुलीला घेऊन आले तर चालेल?