मदत हवी आहे: घाटात गाडी बंद पडते, पुढच्या शुक्रवारी क्लबसोबत कोकणात निघायचंय

पेठकर
पुढच्या शुक्रवारी आमच्या जुन्या गाड्यांच्या क्लबचा दौरा निघतोय. ताम्हिणी उतरून किनाऱ्याकिनाऱ्याने हरिहरेश्वर, गुहागर, रत्नागिरी, मालवण, मग आंबोली चढून कोल्हापूरमार्गे परत. मुक्काम बुक झालेत, पैसे भरलेत. ट्रायल म्हणून पाचगणीला नेली तर खंबाटकीत बंद. वीसेक मिनिटं थांबलो, सेल्फ मारला, चालू. पसरणीत परत तेच. मिस्त्री म्हणतो कार्ब (कार्बोरेटर) साफ केलाय, आता गाडीत काहीच दोष नाही.
काय करावं? 'विकून टाका' वगैरे सल्ले कृपया नकोत. जरा लवकर सांगा.

कॉन्टॅक्टपॉइंट
गाडी कुठली ते सांगाल का? बीटल, जीप, अँबी (अँबेसिडर), हेराल्ड, फियाट, सगळ्याच घाटात बंद पडतात आणि सगळ्यांची कारणं वेगळी असतात.

पेठकर
पद्मिनी. अजून काय असणार? ८४ ची.

तात्या_डोंबिवलीकर
एअर लॉक! डोळे झाकून सांगतो. एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा) इंजिनला चिकटून बसलेला, इंजिन तापलं की पंपातलं पेट्रोल उकळतं, वाफ धरते आणि कार्बपर्यंत पेट्रोल पोचतच नाही. थंड झाली की चालू. आमच्या वेळी टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे आणि पेट्रोलच्या पाइपला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचे. चार चिमटे लावा आणि बिनघोर गोव्यापर्यंत जा.

ओहमकाका
तात्या, फडक्याने फरक पडतो, चिमट्यांनी काही होत नाही. लाकूड उष्णता ओढून घेत नाही.

तात्या_डोंबिवलीकर
मग सगळे टॅक्सीवाले येडे होते का? २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली, तोवर चिमटे दिसत होते.

ओहमकाका
दिसत होते म्हणजे उपयोग होत होता असं नाही. लिंबू-मिरचीही दिसत होती.

लेस्टरकर
पेट्रोलचा प्रश्न आहे. इथे इंग्लंडमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधं पेट्रोल ई१० (१० टक्के इथेनॉलवालं) झालं, पण जुन्या गाड्यांसाठी सुपर ग्रेडमध्ये ई५ ठेवलंय. माझ्या मॉरिस मायनरला मी तेच घालतो, कधी त्रास नाही. तुम्हीही ई५ च वापरा.

सोलकढी
हो, येताना कॅनमध्ये घेऊन या की लेस्टरहून. इथे पंपावर ई२० मिळतं.

कॉन्टॅक्टपॉइंट
ई२० चा मुद्दा अगदीच सोडून देण्यासारखा नाही. इथेनॉलने जुने रबरी पाइप आणि एसी पंपाचा पडदा फुगतो, मऊ पडतो. ते पाइप बदललेत का? पण त्याआधी मूळ प्रश्न: बंद पडते तेव्हा कशी पडते? धक्के देत, हळूहळू दम तोडत, की स्विच ऑफ केल्यासारखी एकदम? आणि फक्त चढावरच का?

पेठकर
पाइप दिवाळीत नवीन टाकले. बंद एकदम पडते. आणि हो, येताना शिरवळजवळ सपाटीलाही पडली होती. त्याचं काय?

ओहमकाका
त्याचंच तर सगळं आहे! हे पहिल्या पोस्टमध्ये लिहायला हवं होतं. सपाटीला, वारा लागत असताना, स्विच ऑफ केल्यासारखी एकदम बंद, हे एअर लॉकचं लक्षण नव्हे. पेट्रोल कमी पडलं की गाडी आचके देते, खोकते, मग मरते. एकदम मेली म्हणजे बहुतेक करंट गेला. निघाल्यापासून साधारण किती वेळाने बंद पडली? आणि खंबाटकीत किती वाजले होते?

पेठकर
सकाळी आठ-साडेआठ. प्रत्येक वेळी तासाभराच्या आसपास.

ओहमकाका
ऐन थंडीत सकाळी साडेआठला पेट्रोल उकळलं? तात्या?

तात्या_डोंबिवलीकर
इंजिनला थंडी वाजते का? टेंपरेचरचा काटा कुठे होता ते विचारा आधी. रेडिएटरमध्ये गाळ असेल तर थंडीतही तापते.

पेठकर
काटा मध्यावर. रेडिएटर नवीन कोर. हे सगळं करून झालंय हो, तेच तर म्हणतोय.

शिस्तप्रिय
ट्रिपला निघण्याआधी कागदपत्रं बघा. २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणी असलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल भरणे वगैरेसाठीच रस्त्यावर आणता येते. नोंदणी क्रमांकात 'व्हीए' अक्षरं असतात. नव्या नोंदणीची फी २० हजार.

पेठकर
५० वर्षं पूर्ण झालेल्या गाड्यांसाठी आहे ते. माझी ८४ ची, तिला वेळ आहे. पाच वर्षांचं रिन्यूअल झालंय, पर्यावरण करही भरलाय. गाडी चालू कशी ठेवायची ते सांगा!

कॉन्टॅक्टपॉइंट
ठीक. आता अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे करा. गाडी अंगणातच तासभर चालू ठेवा, किंवा घराजवळ फिरवा आणि बंद पडू द्या. पडली की लगेच, थंड व्हायच्या आत, दोन गोष्टी बघा.
एक, एअर क्लिनर काढून कार्बच्या तोंडात बघत हाताने एक्सलरेटर ओढा. पेट्रोलची बारीक चिळकांडी उडाली तर कार्बमध्ये पेट्रोल आहे, एअर लॉकचा विषय संपला.
दोन, कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवते ती) मधली वायर डिस्ट्रिब्युटरमधून (ठिणगी प्लगांना वाटतो तो) काढून बॉडीपासून जरा लांब धरा, पकडीला रबर असलेल्या पक्कडीने. दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. ठिणगी निळी, टणक हवी. पिवळट, मरतुकडी असेल किंवा नसेलच, तर दोष कॉइल, पॉइंट (कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे) किंवा पॉइंटला जळण्यापासून वाचवणारा कंडेन्सर यांत. हे करताना आजूबाजूला पेट्रोल सांडलेलं नको, एअर क्लिनर परत बसवलेला हवा. आणि कॉइलला हात लावून बघा.

हायवेराजा
हे सगळं जुनाट झालं. सरळ इलेक्ट्रिक फ्यूएल पंप टाकीजवळ बसवा आणि कटकट संपवा. मी माझ्या अँबीला बसवलाय.

ओहमकाका
बसवा, पण कुठलाही इंजेक्शनवाल्या गाडीचा पंप आणून जोडू नका. त्याचं प्रेशर कार्बच्या नीडलला (पेट्रोल अडवणाऱ्या सुईला) पेलणार नाही, पेट्रोल ओव्हरफ्लो होऊन गरम इंजिनवर. कार्बला दोन-तीन पीएसआय प्रेशरचा पंप पुरतो. शिवाय इथे रोगच तो नसेल तर औषध कशाला?

हायवेराजा
अँबीला असले प्रॉब्लेमच येत नाहीत मुळात. १४८९ सीसी, घाटात तिसऱ्यावर चढते. पद्मिनीच्या १०८९ मध्ये काय दम असणार.

सोलकढी
झालं सुरू. 'पद्मिनी की अँबी' असा वेगळा धागा काढा, मी पॉपकॉर्न घेऊन येतो.

खाडीपलीकडे
मी गुहागरचा. गाडीचं मला कळत नाही, रस्त्याचं सांगतो. तुमच्या वाटेत तीन जंगलजेट्या (गाड्या खाडीपार नेणाऱ्या बोटी) आहेत: बागमांडला-वेशवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड. गाड्या किती आहेत? पंधरा-वीस असतील तर सगळ्या एका फेरीत येतील असं धरून चालू नका. शनिवारी मुंबई-पुण्याची गर्दी असते. दाभोळला बोट चुकली तर पुढची मिळेपर्यंत बसायचं, नाहीतर चिपळूणला मोठा वळसा.
दुसरं, मोठ्या ओहोटीला रॅम्पची चढण अंगावर येते. जेटीचा खालचा भाग शेवाळलेला, ओला. बोटीची लोखंडी फळी जिथे टेकते तिथे उंबरठ्यासारखी उठलेली असते आणि जुन्या गाड्यांचा सायलेन्सर नेमका तिथे घासतो. मागच्या सीटवरची माणसं उतरवा, गाडी उचलते. तिथी बघून भरतीची वेळ काढा, फोन करून बोटीची खात्री करा.

पेठकर
धन्यवाद. हे क्लबच्या ग्रुपवर टाकतो. गाड्या बाराच्या आसपास.

हेराल्डवाली
आमच्याकडे हेराल्ड आहे, आम्हीही असाच दौरा केलाय. तुम्ही चढाची चिंता करताय, मला उताराची वाटते. चारही चाकांना ड्रम ब्रेक, ताम्हिणीसारखा उतार, पुढे क्लबची गाडी, मागे हॉर्न देणारी एसयूव्ही. पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर खाली पोचेस्तोवर ब्रेक लायनरचा जळका वास येतो आणि पेडल मऊ लागतं. ज्या गिअरवर चढली असती त्याच गिअरवर उतरवा, दुसरा टाकून ठेवा, ब्रेक थोडा दाबा, सोडा. जुनं ब्रेक ऑइल पाणी शोषून बसलेलं असतं, ते निघण्याआधी पूर्ण बदला. मागच्याला खुशाल हॉर्न वाजवू द्या.

शिस्तप्रिय
आणि विमा बघा. क्लबचा दौरा म्हणजे स्पर्धा नाही, हे पत्रकावर लिहून घ्या.

पेठकर
केली टेस्ट. सोसायटीत तासभर चालू ठेवली, बंद पडली. कार्बमध्ये पेट्रोल व्यवस्थित उडतंय. ठिणगी नाही. अजिबात. कॉइल तव्यासारखी तापलेली, बोट टेकवेना. म्हणजे कॉइल खराब? पण कॉइल नवी आहे, गेल्याच महिन्यात टाकली.

ओहमकाका
नवी?! कुठली? रंग? करंट आवरणारा बॅलास्ट रेझिस्टर बसवलाय का सोबत?

पेठकर
लाल. जास्त करंट देणारी, स्पोर्ट्स. रेझिस्टर-बिझिस्टर काही नाही. दुकानदार म्हणाला कुठल्याही बारा व्होल्टला चालते.

ओहमकाका
थंड झाल्यावर दोन्ही वायर काढून, प्लस आणि मायनसमध्ये मल्टिमीटर लावा आणि आकडा सांगा.

पेठकर
१.६

ओहमकाका
सापडलं. तुमच्या गाडीला साधी, तीन ओहमच्या आसपासची कॉइल लागते. दीड ओहमवाली कॉइल बॅलास्ट रेझिस्टरसोबत चालवायची असते. रेझिस्टर नसेल तर करंट जवळपास दुप्पट, चारच्या जागी आठ अँपिअर. कॉइल तापते, तापली की आतली वाइंडिंग दगा देते, गार झाली की परत चालू. चढ असो, सपाटी असो, तासाभराने हेच. आता डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढून पॉइंट बघा.

पेठकर
पॉइंट निळे-काळे पडलेत. एका बाजूला खड्डा, दुसऱ्या बाजूला टोक आलंय.

ओहमकाका
तो जादा करंट पॉइंटवरूनच जातो. खड्डा-टोकाला कंडेन्सरही कारण असतो, म्हणून दोन्ही नवीन टाका आणि गॅप सेट करून घ्या. जुनी कॉइल फेकली नाही ना?

पेठकर
डिकीत आहे. ३.१ दाखवते.

ओहमकाका
बसवा तीच. लाल कॉइलचा मोह असेल तर रेझिस्टर लावून स्पेअर म्हणून ठेवा. आणि शुक्रवारची वाट न बघता उद्याच दोन तास फिरवून आणा, निदान खंबाटकी तरी.

तात्या_डोंबिवलीकर
मी म्हटलंच होतं गरम झाल्याने होतंय.

सोलकढी
तात्या 😄 कॉइलला चिमटे लावा आता.

हायवेराजा
पॉइंटच काढून टाका की, इलेक्ट्रॉनिक इग्निशन किट बसवा. मी माझ्या अँबीला...

कॉन्टॅक्टपॉइंट
दौऱ्याच्या आठवड्यात नवीन काहीही बसवू नये. पॉइंट गेला तर रस्त्याकडेला पॉलिश पेपरने घासून घरी येता येतं. किट गेलं तर टो करावं लागतं. सोबत घ्या: पॉइंट, कंडेन्सर, रोटर, फॅनबेल्ट, एसी पंपाचं किट, इंजिन ऑइल, पाण्याचा कॅन.

पेठकर
जुनी कॉइल, नवे पॉइंट-कंडेन्सर बसवून पाचगणीला जाऊन आलो. कुठेही बंद पडली नाही. दुकानदार लाल कॉइल परत घेत नाहीये, 'वापरलेली आहे' म्हणतो. आता आंबोलीऐवजी गगनबावड्याने चढलो तर? करूळ घाट नवा झालाय म्हणतात.

हेराल्डवाली
करूळची चढण उभी आहे. आंबोलीत चढ एकसारखा येतो, जुन्या गाड्यांना तोच बरा. फक्त सावंतवाडीहून सकाळी निघा. दुपारी धबधब्याजवळ गाड्या उभ्या करून फोटो काढणारे असतात, चढावर पहिल्यात थांबून राहावं लागतं.

मीनू_ठाणे
वेगळा प्रश्न आहे, पण रस्त्याचं चाललंय म्हणून विचारते. हेदवीची बामणघळ (समुद्राचं पाणी उसळतं ती खडकातली घळ) भरतीला बघायची की ओहोटीला?

खाडीपलीकडे
भरतीला. ओहोटीला नुसती भेग दिसते. खडकाच्या टोकाला जाऊ नका, ओला असतो. पेठकर, तुमच्या बारा गाड्यांचं जेवण गुहागरला कुठे ठरलंय का? आधी न सांगता एवढी माणसं आली तर इथे आमटी-भातही मिळायचा नाही.

पेठकर
ते क्लबवाले बघतायत. बहुतेक.