डेटाबेसची टेबलं कशी पाडायची हे शिकायचंय: क्लास, कोर्स की घरीच? (नाशिक)

द्राक्षमणी
नमस्कार मंडळी. मी पिंपळगाव बसवंतला एका द्राक्ष व्यापाऱ्यांकडे हिशोब बघते. शिक्षण बी.कॉम. आमचं सगळं एका एक्सेल शीटमध्ये आहे: शेतकरी, गाव, मोबाईल, प्लॉट, वाण, क्रेट, वजन, भाव, इसार, पेमेंट १, पेमेंट २, पेमेंट ३. गेल्या हंगामात एका शेतकऱ्याला सहा हप्त्यांत पैसे गेले. मी उजवीकडे रकाने वाढवत गेले आणि त्यांची बाकी दोनदा धरली गेली. मालक समजूतदार म्हणून निभावलं, पण मला रात्रभर झोप आली नाही.

डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा, एसक्यूएल, त्यातलं सिलेक्ट, जॉइन एवढं येतं. अडतं ते त्याच्या आधी. मालक तोंडी व्यवहार सांगतात, त्यातून टेबलं कुठली पाडायची आणि काय कशाला जोडायचं? बजेट ३,००० रुपये, फक्त रविवार मोकळा. जानेवारीत माल सुरू झाला की मान वर करायलाही वेळ नसतो, त्यामुळे ऑक्टोबर छाटणीच्या आत शिकायचंय.

सातपूरकर
ताई, मी ४२,००० भरून कॉलेज रोडला फुल स्टॅक (वेबसाइट बनवण्याचा पूर्ण कोर्स) केलं. सहा महिने रोज दोन तास. आज अंबडच्या कंपनीत आहे, पगार दुप्पट झाला. पैसे जातात पण आयुष्य बनतं. ३,००० मध्ये काही मिळत नाही.

पंचवटी_नाना
आधी चांगला लॅपटॉप घ्या. १६ जीबी रॅम आणि एसएसडी. माझ्या जुन्या मशीनची डिस्क मार्च महिन्यात गेली, सगळ्या वर्षाचं काम गेलं. बॅकअप, बॅकअप, बॅकअप.

मखमलाबाद_७
टॅली घ्या, विषय संपला. आमच्या दुकानात बारा वर्षं आहे.

द्राक्षमणी
नाना, दादा, धन्यवाद. टॅली ऑफिसात आहेच, खातेवही तिथेच ठेवतो. पण कुठल्या प्लॉटचे किती क्रेट कुठल्या गाडीत गेले हे मला त्यात नीट ठेवता आलं नाही. आणि लॅपटॉपचं बजेट नाही.

गोदाकाठ
१९ वर्षं हेच काम करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कॉम्प्युटर लावूच नका. गेल्या हंगामातल्या वीस-पंचवीस काटा पावत्या आणि पेमेंटची व्हाउचरं जमिनीवर मांडा आणि त्यांत दिसतं ते साध्या मराठी वाक्यांत लिहा. 'एका शेतकऱ्याचे अनेक प्लॉट असतात.' मग वाक्य उलटं करून विचारा: एक प्लॉट दोघांचा असतो का? भाऊभाऊ सामाईक असतील तर उत्तर 'हो', आणि तिथे शेतकरी आणि प्लॉट जोडणारं मधलं टेबल लागतं. एक्स्पोर्टचा माल असेल तर ग्रेपनेटवरची (निर्यातीच्या द्राक्षांची सरकारी ऑनलाइन यंत्रणा) नोंदणी प्लॉटवार असते, म्हणजे प्लॉट हा शेतकऱ्याच्या ओळीतला रकाना नाही, ती स्वतंत्र वस्तू आहे.

तुमचं पेमेंट १-२-३ हेच खरं दुखणं. एका काढणीचे पैसे अनेक हप्त्यांत जातात आणि एकच चेक तीन काढण्यांपोटीही जातो. म्हणून काढणी एक टेबल, पेमेंट दुसरं, आणि 'कुठल्या पेमेंटमधले किती रुपये कुठल्या काढणीला लागले' हे तिसरं. बाकी लिहून ठेवायची नाही, दरवेळी काढायची. लिहून ठेवली की ती कधीतरी चुकतेच.

मालकांना 'नेहमी असंच असतं का?' विचारा. 'हो' म्हणाले तरी 'मागच्या वर्षी कधी वेगळं झालं?' हे विचाराच. डिझाइन मोडतं ते त्या एका वेगळ्या वेळेला.

आडगावकर
मोबाईल नंबर प्रायमरी की करा, म्हणजे प्रत्येक शेतकऱ्याची ओळ त्यावरूनच ओळखायची, शोधायला सोपं.

दिंडोरी_कृषी
अजिबात करू नका! माझ्या खताच्या दुकानात तेच केलं होतं. बाप-लेक एकच नंबर देतात. दोघांच्या उधाऱ्या एकात मिसळल्या, सुटत सुटत दिवाळी गेली. नंबर बदलला की आणखी गोंधळ.

आडगावकर
आमच्याकडे कधी झालं नाही. तीन वर्षं.

सिडकोवासी
दिंडोरी_कृषी +१. साधा चढता क्रमांक की म्हणून ठेवा, मोबाईल वेगळा रकाना.

गोदाकाठ
नुसता चढता क्रमांक ठेवला तर एकच माणूस दोनदा घुसतो, तेही बघा. एकच प्लॉट दोनदा येऊ नये म्हणून गाव, गट नंबर आणि प्लॉटचं नाव या तिन्हींवर मिळून युनिक अट लावा.

दिंडोरी_कृषी
अजून एक, पोळून सांगतो. भाव फक्त मालाच्या यादीत ठेवला होता. पुढच्या वर्षी भाव बदलला आणि जुनी बिलं नव्या भावाने छापून आली. भाव प्रत्येक बिलाच्या ओळीवर हवा.

द्राक्षमणी
हे तर आमच्याकडे रोजचं! सौदा एका भावाने ठरतो, पाऊस होऊन मणी तडकले की पुढच्या काढणीला भाव उतरतो. म्हणजे ठरलेला भाव सौद्यात आणि दिलेला भाव काढणीत, दोन्ही हवेत ना?

गोदाकाठ
बरोबर.

शुद्धमराठी
रकान्यांची नावं मराठीतच ठेवा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये देवनागरी चालतं.

सिडकोवासी
चालतं, पण प्रत्येक क्वेरीला कीबोर्ड बदला. मी दोन आठवड्यांत कंटाळलो.

शुद्धमराठी
कंटाळा हा भाषेचा दोष नाही.

ओझरची_लेक
नावांपेक्षा आतला डेटा बघा. आमच्याकडे 'पिंपळगाव ब.', 'पिंपळगांव' आणि 'पिंपळगाव बसवंत' अशी तीन गावं झाली होती. गावांचं वेगळं टेबल करा आणि यादीतूनच निवडायला लावा.

मास्तर_नाशिकरोड
पाया कुणीच सांगत नाही. रिलेशनल मॉडेल, म्हणजे माहिती टेबलांत मांडायची पद्धत, कॉडने १९७० मध्ये मांडलं; ईआर आकृती, म्हणजे कुठली वस्तू कशाला जोडली आहे त्याचं चित्र, चेनने १९७६ मध्ये. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षणाच्या साइटवर डेटाबेसचे कोर्स फुकट बघता येतात. तिसऱ्या नॉर्मल फॉर्मपर्यंत (एकच माहिती दोन ठिकाणी येऊ नये म्हणून टेबलं फोडायचे नियम) शिका, मग हात घाला. आणि सरावाला ग्रंथालयाचं उदाहरण घ्या, ऑफिसचं नको.

सातपूरकर
मी पुन्हा सांगतो, क्लास लावा. हप्ते पाडून देतात.

द्राक्षमणी
सगळ्यांचे मनापासून आभार. मी नाशिकरोडला एका निवृत्त सरांकडे सहा रविवारांची शिकवणी लावली, २,४०० रुपये. ते मायक्रोसॉफ्टच्या ॲक्सेस या डेटाबेसवर शिकवतात.

सिडकोवासी
ॲक्सेस? आता? पोस्टग्रेस फुकट आहे, एसक्यूलाइट फुकट आहे. ॲक्सेसच्या फाईलला २ जीबीची मर्यादा आहे.

मास्तर_नाशिकरोड
चूक करताय. फुकटचं सोडून!

द्राक्षमणी
माहीत आहे, पण ऑफिसच्या मशीनवर ॲक्सेस आहेच, आणि आमचा हंगाम २ जीबीच्या जवळपासही जात नाही. सरांनी पहिल्या दिवशी कॉम्प्युटर बंद ठेवायला लावला आणि माझ्याच काटा पावत्या मागितल्या. ग्रंथालयाचं उदाहरण मला घरी जमतं, आमचा इसार जमत नाही, आणि समोर बसून चूक दाखवणारं कुणीतरी मला हवं होतं.

गोदाकाठ काका, तुमचा प्रश्न मी मालकांना विचारला. 'इसार सौद्यातूनच वळता होतो, नेहमी,' म्हणाले. मागच्या वर्षी कधी वेगळं झालं का, विचारल्यावर थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, गारपिटीत एकाची बाग गेली, माल आलाच नाही, तेव्हा ते पैसे त्याच्या भावाच्या सौद्यात धरले.

गोदाकाठ
मग इसार सौद्यातला रकाना राहिला नाही. तोही पेमेंटच्या टेबलात टाका, फक्त प्रकार वेगळा. आणि पेमेंट ज्याला दिलं तो आणि ज्याच्या सौद्यात धरलं तो, असे दोन शेतकरी त्यात लागतील.

द्राक्षमणी
दोन! हे वहीत लिहून घेतलं. रविवारी सरांना दाखवते.