मदत हवी आहे: डबलनेक गिटार आणि सोलोच्या तोंडाशी होणारी फजिती

मंडळी, नमस्कार.

गेल्या महिन्यात एक जुनी डबलनेक, म्हणजे एकाच धडाला दोन माना (नेक) असलेली इलेक्ट्रिक गिटार, हाती लागली. गिब्सनच्या ईडीएस-१२७५ ची नक्कल आहे. वरच्या नेकवर बारा तारा (दोन-दोनच्या सहा जोड्या), खालच्या नेकवर सहा. वजनकाट्यावर साडेपाच किलो भरली. गिटारला दोन माना आणि दुखते माझी तिसरीच, पण ते असो.

डिसेंबरात बँडबरोबर ईगल्सचं ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ वाजवायचंय. सुरुवात बारा तारांवर, सातव्या फ्रेटला (नेकवरची आडवी पट्टी) कॅपो, म्हणजे सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, लावून (बोटं ई मायनरची, ऐकू येतो बी मायनर). शेवटचा सोलो खालच्या नेकवर. गाणं संपून सोलो सुरू होतो तिथे मला खाली यायला जेमतेम क्षणभर मिळतो. कोणती नेक चालू ते ठरवणारा स्विच आधीच मधे, म्हणजे दोन्ही नेक चालू, असा ठेवला तर सोलोभर वरच्या तारा आपोआप घुमतात आणि ॲम्प वाढवला की शिट्टी. स्विच ऐनवेळी टाकायला गेलो तर पहिला बेंड (तार ओढून चढवलेला सूर) हुकतो. घरी खुर्चीत बसून मात्र दहापैकी नऊ वेळा जमतं! काय चुकतंय?

प्रतिसाद १
खुर्चीच चुकतेय. बसल्यावर खालची नेक मांडीच्या आधाराने वर येते, उभं राहिलं की ती पार कमरेखाली जाते आणि मनगट वाकडं होतं. आजपासून सराव उभ्यानेच. पट्टा रुंद आणि आतून खरखरीत चामड्याचा घ्या, नाहीतर दोन्ही हेडस्टॉक (नेकची खुंट्यांची टोकं) जमिनीकडे झुकतात आणि निम्मा डावा हात ती तोलण्यातच जातो.

प्रतिसाद २
स्विच मधे ठेवूच नका. शेवटचा कॉर्ड दुसऱ्या गिटारवाल्याला धरायला सांगा, तुम्ही अर्धी मात्रा आधी सोडा. डावा हात खाली उतरत असतानाच उजव्या हाताच्या करंगळीने स्विच टाका. आधी हात, मग स्विच असं दोन टप्प्यांत केलंत तर उशीर ठरलेलाच.

बाकी, स्टुडिओत ही कसरत कोणी करत नाही. ‘स्टेअरवे टू हेवन’च्या १९७१ च्या रेकॉर्डिंगमध्ये लेड झेपलिनच्या जिमी पेजने वेगवेगळ्या गिटारी वापरल्या. डबलनेक आली ती मंचावर तेच गाणं न थांबता वाजवता यावं म्हणून. ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ वाजवणाऱ्या ईगल्सच्या डॉन फेल्डरने तर आपल्या डबलनेकला दोन वेगळे आउटपुट करून घेतले होते.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. उभ्याने वाजवलं आणि पहिल्या दिवशी लाज वाटली, आता दहात सहा. घुमणं थांबावं म्हणून सोलोपुरता वरच्या नेकवर पायमोजा चढवून पाहिला. घुमणं थांबलं, पण मोजा चढवायला तिसरा हात कुठून आणू?

आणि आणखी एक. वरच्या जी जोडीतली बारीक तार महिन्यात तीनदा तुटली. तारा बदलून बदलून दिवाळं निघेल.

प्रतिसाद २
मोजा काढा. स्विच वेळेवर पडला तर वरचे पिकअप (तारांचा आवाज ॲम्पकडे पाठवणारे) बंदच असतात, त्या तारा घुमल्या तरी ॲम्पपर्यंत पोचत नाहीत.

ती तार जोडीतल्या जाड तारेपेक्षा एक सप्तक वर ओढलेली असते, म्हणून तुटते. बाराही तारा अर्धा सूर उतरवा आणि कॅपो आठव्या फ्रेटला लावा. सूर तोच, ताण कमी. आणि ब्रिजवर (धडावरच्या तारांच्या आधारावर) ती तार टेकते तिथे बोट फिरवून बघा. धार लागली तर बारीक पॉलिश पेपर मारा, जपून.