मदत हवी आहे: कॉलेज पेनरिनला, खोली कॅम्बॉर्नला. रोजची ये-जा जमेल का? (कॉर्नवॉल, इंग्लंड)

नमस्कार मंडळी,

मी चंद्रपूरचा. कोळसा खाणीत सर्व्हेअर म्हणून तीस वर्षं नोकरी केली. मुलगी मायनिंगची इंजिनिअर झाली आणि आता तिला इंग्लंडमध्ये कॅम्बॉर्न स्कूल ऑफ माइन्सला एम.एस्सी.साठी प्रवेश मिळाला आहे. ही संस्था १८८८ सालची. कोलारच्या सोन्याच्या खाणीत कॉर्नवॉलची माणसं येऊन काम करून गेली, त्यामुळे हे नाव आमच्यासारख्यांना नवीन नाही. पत्र आलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आता अडचण सांगतो. ही संस्था एक्सेटर विद्यापीठाचा भाग, म्हणून पत्रावर नाव त्या विद्यापीठाचं. एक्सेटर शहर शेजारच्या डेव्हन परगण्यात, तिथून कॉर्नवॉलच्या ट्रुरोपर्यंतच रेल्वेने दोन तासांहून जास्त लागतात. म्हणजे एक्सेटरला राहायचं नाही, एवढं आम्हाला कळलं. संस्थेच्या नावात कॅम्बॉर्न आहे म्हणून एका एजंटामार्फत कॅम्बॉर्न गावात खोली ठरवली आणि डिपॉझिट भरून मोकळे झालो. मागच्या आठवड्यात कॅम्पसचा नकाशा आला तेव्हा समजलं की २००४ सालीच संस्था पेनरिनच्या कॅम्पसवर हलली आहे. नाव तेवढं कॅम्बॉर्नचं राहिलं. एजंटाने सांगायला हवं होतं, पण मीही नकाशा आधी मागवायला हवा होता.

नकाशावर पट्टी लावून पाहिलं. कॅम्बॉर्न ते पेनरिन सरळ रेषेत साधारण तेरा किलोमीटर भरतं. आपल्याकडे एवढ्या अंतराला कोणी अंतर म्हणत नाही. पण रेल्वे सरळ जात नाही. आधी ईशान्येला ट्रुरोपर्यंत जायचं, तिथे गाडी बदलायची आणि पेनरिनशेजारच्या फाल्मथला जाणाऱ्या रेल्वेच्या फाट्याने पुन्हा दक्षिणेला यायचं. त्रिकोणाच्या एका बाजूसाठी उरलेल्या दोन बाजू फिरायच्या.

तिकडे राहिलेल्यांना विचारायचं आहे: हे रोज जमण्यासारखं आहे का, की डिपॉझिटवर पाणी सोडून पेनरिनला किंवा फाल्मथला खोली शोधावी? मधे रेडरुथमार्गे थेट बस मिळते का? संध्याकाळी उशिरापर्यंत लॅब चालली तर परतीचं काय? तिला गाडी चालवता येते, पण पहिल्याच वर्षी तिकडे गाडी घेण्याची आमची ऐपत नाही.

दुसरं, तिचं विमान शनिवारी संध्याकाळी हीथ्रोला उतरतं. रात्रीची एक स्लीपर गाडी लंडनहून कॉर्नवॉलला जाते असं वाचलं. ती पकडावी असा विचार आहे. तिसरं, हिवाळ्यात समुद्रामुळे तिथली रेल्वे बंद पडते म्हणतात, ते कितपत खरं?

कृपया नुसतं 'सगळं ठीक होईल' म्हणू नका. वेळ आणि अंतर सांगा.

प्रतिसाद: ट्रुरोकर

काका, अभिनंदन. मी ट्रुरोच्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. पहिलं वर्ष कॅम्बॉर्नलाच काढलं, म्हणून स्पष्ट लिहिते.

कॅम्बॉर्न-ट्रुरो गाडीने वीसेक मिनिटं. मुख्य मार्गावर दिवसा तासाला साधारण दोन गाड्या असतात. ट्रुरोहून फाल्मथची गाडी अर्ध्या तासाला एक आणि पेनरिनपर्यंत आणखी वीसेक मिनिटं. पूर्वी ही फाट्याची सेवा विरळ होती. एकेरी रूळ, त्यामुळे एक गाडी गेली की ती परत येईपर्यंत दुसरी सोडता यायची नाही. २००९ साली पेनरिनला क्रॉसिंगसाठी जादा रूळ टाकला आणि अर्ध्या तासाला गाडी धावू लागली. त्या एवढ्याशा रुळाने या भागातल्या मुलांचं शिक्षण सोपं केलं, असं मला मनापासून वाटतं.

पण गाडीतली चाळीस मिनिटं म्हणजे प्रवास नव्हे. ट्रुरोला जोडगाडीची वाट पाहणं आलं. पेनरिन स्टेशनवरून कॅम्पसला पंधरा-वीस मिनिटं चढाची चाल आली. दारापासून दारापर्यंत सव्वा ते दीड तास धरा. एक गाडी चुकली की दोन तास. बसने रेडरुथमार्गे जाता येतं, पण बस गावागावातून वळसे घेत जाते आणि संध्याकाळनंतर फेऱ्या कमी होतात. रविवारी तर आणखी कमी. डिसेंबरमध्ये साडेचारच्या आत सूर्य मावळतो. पावसात, वाऱ्यात एखाद्या वाडीच्या थांब्यावर एकटं उभं राहणं मी केलं आहे. लेकीला ते करायला लावू नका.

कॅम्पसवर ग्लासनी नावाचं विद्यार्थी वसतिगृह आहे. जागा नाही म्हणाले तरी प्रतीक्षायादीत नाव घालायला सांगा. नाहीतर पेनरिन, नाहीतर फाल्मथ. तिथे भाडं कॅम्बॉर्नपेक्षा जास्त पडेल, पण रोजचं तिकीट आणि तीन तास वाचतील. घरमालकाला आजच मेल करा, करारावर सही झाली नसेल तर बोलायला वाव असतो.

एक सांगून ठेवा. पेनरिनला एकच लांब फलाट आहे. दोन्ही दिशांच्या गाड्या त्याच्याच दोन टोकांना येऊन थांबतात, पुष्कळदा एकाच वेळी. डब्यावरची पाटी वाचल्याशिवाय चढायचं नाही.

प्रतिसाद: रत्नांग्रीचो झील

मी रेडिंगला असतो. काका, शनिवारचा बेत बदला. ती स्लीपर लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनहून रात्री पावणेबाराच्या सुमारास सुटते आणि सकाळी सातच्या आसपास ट्रुरोला पोचते, पण शनिवारी रात्री ती धावत नाही. विमान रविवारवर नेता आलं तर उत्तम. नाहीतर शनिवारची रात्र हीथ्रोजवळ काढून दिवसाच्या गाडीने जावं. त्यासाठी लंडन शहरात शिरायची गरजच नाही. हीथ्रोहून रेडिंग स्टेशनला थेट बस आहे आणि ट्रुरोमार्गे पेन्झान्सला जाणाऱ्या गाड्या रेडिंगला थांबतात. रविवारी रुळांची कामं काढतात, म्हणून निघण्याआधी वेळापत्रक पुन्हा पाहायचं.

तिकीट पेनरिनपर्यंत एकच काढा. स्वस्त 'अ‍ॅडव्हान्स' तिकीट त्या ठरावीक गाडीलाच चालतं. विमानाला उशीर झाला की पैसे गेले. आल्या दिवशी थोडं महाग पण कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट घ्या. पुढच्या प्रवासांसाठी १६-२५ रेलकार्ड काढलं की भाडं एक तृतीयांशाने कमी होतं. पूर्णवेळ विद्यार्थी असेल तर पंचविशीनंतरही मिळतं.

समुद्राचं खरं आहे. डॉलिश गावाजवळ रूळ अगदी समुद्राच्या भिंतीच्या कडेने जातात. फेब्रुवारी २०१४च्या वादळात भिंत फुटली, रूळ हवेत लोंबकळत राहिले आणि ४ एप्रिलपर्यंत सगळं कॉर्नवॉल रेल्वेने तुटलं होतं. नंतर तिथे उंच, भक्कम भिंत बांधली आहे. मी कोकण रेल्वेच्या पावसाळ्यात वाढलोय, दरड म्हणजे काय ते मला कळतं. तसंच धरा: रोज होत नाही, पण जानेवारी-फेब्रुवारीत विमान पकडायचं असेल तर एक दिवस आधी निघायचं. आणि ही अडचण डेव्हनमधली आहे. ट्रुरो ते पेनरिन रोजच्या येण्याजाण्याशी तिचा संबंध नाही. २५ आणि २६ डिसेंबरला मात्र गाड्या जवळपास नसतातच.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री मुलीशी बोललो. कॅम्बॉर्नची खोली सोडायचं ठरलं. करारावर सही झालेली नाही, मेल पाठवला आहे. ग्लासनीच्या यादीत नाव घातलं. विमान रविवारवर नेण्याचे पैसे पडतील, ते भरतो. पोर रात्रभर स्टेशनवर बसलेली मला चालणार नाही.

एकच शेवटचं. तिच्याजवळ तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा असतील. ट्रुरोला गाडी बदलताना जिना चढावा लागतो का?

प्रतिसाद: ट्रुरोकर

नाही काका. लंडनकडून येणारी गाडी दोन नंबरला लागते आणि फाल्मथची बाजूलाच एक नंबरवरून सुटते. पूल ओलांडायला लागतो तो कॅम्बॉर्नकडून येणाऱ्यांना. पेनरिनला उतरल्यावर मात्र बॅगा घेऊन तो चढ चढू नका म्हणावं, टॅक्सी आदल्या दिवशीच सांगून ठेवा. त्या सोमवारी माझी रात्रपाळी सकाळी साडेसातला सुटते. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी ट्रुरो स्टेशनवर भेटते तिला.