गाडीत गाणी शोधायला फोल्डर बरे की टॅग?

घोडबंदरवासी:
मंडळी, ठाण्यातलं कासारवडवली ते नवी मुंबईतलं महापे रोजचं ड्रायव्हिंग, जाऊन येऊन अडीच-तीन तास सहज जातात, त्यामुळे गाणी हाच आधार. बाबांच्या कॅसेटींवरून उतरवलेली, सीडीवरून काढलेली, मित्रांकडून ढापलेली अशी चारेक हजार गाणी पेन ड्राइव्हवर आहेत. जुन्या गाडीत फोल्डर दिसायचे, अभंग, नाट्यगीत, गझल, रफी, विषय संपला. नवीन गाडीतला स्टिरिओ फोल्डर बघतच नाही हो, आर्टिस्ट-अल्बम करत बसतो आणि निम्मी गाणी 'अननोन'मध्ये कोंबलीयत. परवा तर कहर झाला, भीमसेनजींचा एक राग लावला तर आधी द्रुत वाजलं आणि मग संथ विलंबित, म्हणजे उलटंच! फायलींना ट्रॅक नंबर नाही म्हणून अक्षरानुसार लावलं त्याने, द आधी आणि व नंतर. ते बदलायला स्क्रीनवर बोट फिरवतोय तेवढ्यात पातलीपाड्याला पुढच्या रिक्षाने ब्रेक मारला, थोडक्यात वाचलो. आता प्रत्येक फायलीच्या आत गायक, अल्बम लिहून टॅग लावत बसू की फोल्डरवाला दुसरा स्टिरिओ बसवू?

पामबीच_सवार:
फोल्डर. टॅगच्या नादी लागूच नका. माझ्याकडे ०१ अभंग, ०२ नाट्यगीत, ०३ गझल असे नंबर टाकलेत, स्टीअरिंगवर फोल्डर बदलायचं बटण आहे, अंगठ्याने दोनदा दाबलं की अभंगावरून गझलवर, नजर रस्त्यावरून हलत नाही. फक्त एक आहे, बऱ्याच स्टिरिओंना नावाशी काही घेणंदेणं नसतं, फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या ड्राइव्हवर ज्या क्रमाने कॉपी केलं त्याच क्रमाने वाजवतात, म्हणजे नंतर टाकलेलं गाणं बहुतेक शेवटी जाऊन बसतं. म्हणून मी दर दिवाळीला ड्राइव्ह पुसून सगळं परत क्रमाने कॉपी करतो, घर झाडतो तसं.

ऐरोलीची_मावशी:
अहो पण लता-रफीचं ड्युएट कुठल्या फोल्डरात टाकता? मी दोन्हीकडे टाकायचे, मग तेच गाणं तासाभरात दोनदा. टॅगला हा त्रास नाही, पण टॅग धड लावायला हवेत हे खरं. माझ्याकडे 'लता', 'लता मंगेशकर' आणि 'लता, रफी' असे तीन वेगळे आर्टिस्ट झाले होते. अल्बम आर्टिस्ट म्हणून वेगळा रकाना असतो तो भरला की बरंच सुधारतं, सगळे स्टिरिओ तो वाचत नाहीत पण. आणि नावं अर्धी तुटलेली दिसत असतील तर ते स्टिरिओचं पाप नाही, एमपी३ फायलींच्या टॅगला आयडी३ म्हणतात, १९९६ च्या पहिल्या आयडी३ टॅगमध्ये नावाला ३० अक्षरांचीच जागा होती.

सानपाडा_जंक्शन:
भांडताय कशाला, फोल्डरलाच टॅग करा की. स्टिरिओ अल्बमची यादी दाखवतोय ना? मग अल्बमच्या रकान्यात फोल्डरचं नाव टाका. एमपी३टॅग नावाचं प्रोग्रॅम आहे, त्यात फाइलच्या नावावरून आणि फोल्डरवरून टॅग भरता येतात, शेकडो गाणी एका दमात. ट्रॅक नंबरही त्यातच देता येतो, म्हणजे पंडितजींचं विलंबित आधी येईल :) आयडी३ टॅगची आवृत्ती २.३ ठेवा, २.४ काही स्टिरिओंना कळत नाही. आणि आधी एकाच गाण्याला मराठीत नाव देऊन गाडीत लावून बघा, नुसते चौकोन दिसले तर रोमनमध्ये लिहा. मूळ गाण्यांची कॉपी बाजूला ठेवा म्हणजे ठेवाच, मी नव्हती ठेवली.

घोडबंदरवासी:
रविवार गेला पण जमलं! चौकोनच आले, त्यामुळे सगळं रोमन. अल्बम उघडला की जुनेच फोल्डर दिसतात, नंबर टाकल्यामुळे अभंग सगळ्यात वर. आज विलंबित माजिवड्यापर्यंत पुरलं आणि द्रुत विटाव्याच्या ट्रॅफिकमध्ये, तिथे गाडीच विलंबित होती. 'किरकोळ' नावाच्या फोल्डरात मात्र नऊशे गाणी निघाली, त्यांना हात नाही लावला.