मदत हवी आहे: बावन्न वऱ्हाडी, मालवण, आणि मधले दोन रिकामे दिवस

नमस्कार मंडळी,

माझ्या भाच्याचं लग्न मार्गशीर्षात मालवणला ठरलंय. मुलगी तिकडचीच. कार्यालय, भटजी, आचारी सगळं त्यांच्याकडे. आमच्याकडे फक्त वेळेवर पोचायचं काम. पण मी मुलाची आत्या, त्यामुळे जानोशाचं (वऱ्हाडाच्या राहण्या-जेवणाचं) खातं आपोआप माझ्याकडे आलं. अकोला-अमरावतीकडून आम्ही बावन्न जण येतोय. वऱ्हाडी, आणि तेही वऱ्हाडातले. यावरचे विनोद घरात सगळे करून झालेत, नवीन असेल तरच करा.

रेल्वेनं बुधवारी कुडाळला उतरणार, तिथून दोन मिनीबस. गुरुवारी संध्याकाळी सीमांतपूजन, शुक्रवारी लग्न, रविवारी सकाळी परत. कार्यालयाचं जेवण गुरुवार रात्र ते शुक्रवार दुपार. म्हणजे गुरुवारचा दिवस, शुक्रवारची रात्र आणि अख्खा शनिवार या लोकांना खायला घालणं आणि फिरवणं माझ्यावर.

आता अडचणी ऐका. सहा जण माळकरी. आठेक बायकांचा मार्गशीर्षातला गुरुवार, संध्याकाळपर्यंत उपास. पंचवीस-तीस जण असे की ज्यांनी आयुष्यात समुद्राचा मासा खाल्लेला नाही पण "मालवणला जाऊन मासे नाही खाल्ले तर काय" म्हणून आत्तापासून बाह्या सरसावून बसलेत. सत्तरीपुढचे नऊ, त्यातल्या चौघांचे गुडघे गेलेले. आणि आठ पोरं, ज्यांना फक्त पाण्यात जायचंय.

मी स्वतः एकदाच आले होते, सहा वर्षांपूर्वी. तेव्हा एका हॉटेलात (नाव सांगत नाही) आम्ही अठरा जण न कळवता शिरलो. सगळ्यांनी सुरमई थाळी सांगितली. पहिली चार ताटं अर्ध्या तासात आली, शेवटची पावणेदोन तासांनी, आणि तोवर सुरमई संपून तिच्या जागी बांगडा आलेला. बिलात मात्र अठराही सुरमया. सासूबाई अजून दर लग्नात हा किस्सा सांगतात. या खेपेला विहीणबाईंसमोर तसं नको.

तर सांगा: कुठे जेवावं, किती आधी सांगावं, म्हाताऱ्यांना किल्ला झेपेल का, आणि शनिवारी नेमकं काय दाखवावं?

प्रतिसाद १

ताई, मी मालवणचाच. आधी तुमच्या किश्शाबद्दल. चूक हॉटेलची होतीच, पण थोडी तुमचीही. इथे मासळी रोजची रोज येते. अठरा जणांची सुरमई सकाळी सांगितली तर दुपारी मिळते, दुपारी दीड वाजता मागितली तर आहे त्यातून भागवावं लागतं. बाजारात चैतन्य, अतिथी बांबू ही नावं तुम्हाला कोणीही सांगेल. जेवण चांगलंच आहे, पण सुट्टीच्या दिवशी बावन्न माणसं एकदम नेऊ नका, बाहेर रांगेत उभी राहतील. तारकर्ली, देवबाग किंवा चिवल्याला एखादी घरगुती खानावळ धरा आणि दोन पंगती करा. आठ दिवस आधी फोन, आदल्या संध्याकाळी पक्का आकडा. आकडा सांगताना मासे खाणारे किती, शाकाहारी किती, हे वेगळं. आणि थाळीवर "बाजारभावाप्रमाणे" लिहिलेलं असेल तर बसायच्या आधी भाव विचारा, लाजू नका. इथले लोकही विचारतात.

पहिल्यांदा मासे खाणाऱ्यांना बांगडा, पेडवे देऊ नका. काट्यातच जीव जाईल. सुरमई नाहीतर सरंगा द्या (तुमच्याकडे पापलेट म्हणतात तोच). काट्याला फारच भीत असतील त्यांना मोरी (म्हणजे लहान शार्क). मोरीला काटा नसतो, नुसती कूर्चा (मऊ हाड), आणि मसाल्यात घातली की मटण खाणाऱ्याला परकी वाटत नाही. सुंगटं म्हणजे कोळंबी, तीही चालतील. तिसऱ्या मात्र शिंपल्यासकट ताटात येतात, ते बघून कोणी उठून जाऊ नये म्हणून आधीच सांगून ठेवा.

माका इचारशात तर कोंबडी-वडे सगळ्यात बिनधोक. फक्त "वडे" म्हटल्यावर तुमची माणसं बटाटेवडे समजून बसतील. हे तांदूळ-उडदाच्या पिठाचे, पुरीसारखे टम्म फुगलेले.

प्रतिसाद २

सावजी खाणाऱ्यांना मालवणी तिखट गोड लागेल. सोलकढी वाया जाणार. :)

प्रतिसाद ३

वाया कशाला जाईल? माझ्या यवतमाळच्या सासऱ्यांनी पहिल्या दिवशी "हे गुलाबी ताक कशाचं" म्हणून बाजूला सारली आणि तिसऱ्या दिवशी पातेल्याजवळच ठाण मांडून बसले.

माळकऱ्यांबद्दल लिहिते, कारण त्यांना बहुतेक ठिकाणी पनीर नाहीतर डाळ-भात देऊन मोकळे होतात. आधी सांगितलंत तर काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि वडे करून देतात. त्यासारखं शाकाहारी जेवण अख्ख्या किनाऱ्यावर नाही. वाटाणे रात्री भिजवावे लागतात, म्हणून आदल्या दिवशी सांगायचं. न्याहारीला घावणे-चटणी किंवा आंबोळी. गोडाला शिरवाळे (तांदळाच्या शेवया) मिळाले तर जरूर घ्या, पण "रस-शिरवाळे" मधला रस आंब्याचा नसतो, नारळाच्या दुधात गूळ घातलेला असतो. ओल्या काजूची उसळ कोणी मागू नका, ती फेब्रुवारीनंतर. एक महत्त्वाचं: मासे तळलेल्या तव्यावर आपलं काही नको असेल तर तेही फोनवरच सांगा. आणि भात उकड्या तांदळाचा येईल, जाडा. ज्वारीची भाकरी विसरा, तांदळाची मिळेल.

गुरुवारच्या उपासाचं इथे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. आमच्याकडेही ते गुरुवार पाळतात. उलट काही घरगुती खानावळीत त्या दिवशी मासे शिजवत नाहीत, तेव्हा खाणाऱ्यांचीच पंचाईत होईल. गुरुवारी सगळ्यांनाच शाकाहारी ठेवलंत तर तुमचा निम्मा ताप कमी.

प्रतिसाद ४

शनिवारी सगळ्यांना वेंगुर्ल्याला आणा ना! मांडवी खाडीत स्वामिनी गटाच्या बायका स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात, तिथून शिरोड्याचा किनारा, रेडीचा गणपती, आणि येताना सावंतवाडीला मोती तलाव आणि चितारआळीत लाकडी खेळणी.

धागाकर्ती

वाचूनच जावंसं वाटलं, पण एका दिवसात एवढं म्हणजे नऊ म्हातारे आणि आठ पोरं बसमध्येच राहतील. सावंतवाडीची खेळणी मात्र डोक्यात ठेवते, रुखवतात मांडायला उशीर झाला तरी.

मालवणच्या दादांना विचारते: किल्ल्याचं आणि देवबागचं काय? तिथे समुद्रात मध्येच वाळूचं बेट वर येतं म्हणतात, पोरांनी व्हिडिओ बघून ठेवलेत. शुक्रवारी लग्नाची तिथी वद्य षष्ठी आहे.

प्रतिसाद १ (पुन्हा)

तिथी सांगितलीत ते बरं केलंत. तिची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. पौर्णिमेनंतर पुन्हा एकपासून मोजायचं. गुरुवारी पंचमी, पाच पाऊण पावणेचार, म्हणजे दुपारी पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती आणि त्याआधी सहा तास, सकाळी पावणेदहाला ओहोटी. शनिवारी सप्तमी, भरती सव्वापाचला, ओहोटी सव्वाअकराच्या आसपास. देवबागला कर्लीची खाडी समुद्राला मिळते, तिथे बेट बघायचं तर शनिवारी दहाला बोटीत बसा. पण खरं सांगतो, सप्तमी-अष्टमीला भांग असतो, पाणी फार उतरत नाही. व्हिडिओत दिसतं तेवढं बेट उघडं पडेलच असं नाही. पोरांना आधीच सांगा, नाहीतर रडारड.

बोटीत सगळ्यांना लाइफ जॅकेट, म्हाताऱ्यांना सुद्धा. "पाच मिनिटांचं अंतर आहे, कशाला" म्हणणारा बोटवाला असेल तर दुसरा बघा. स्कुबा करणाऱ्यांनी आधी वडे हाणू नयेत, आणि दमा, रक्तदाब असलेल्यांनी हौस करू नये.

सिंधुदुर्ग किल्ला गुरुवारी सकाळी करा. धक्क्यावरून बोटी सुटतात, सकाळी पाणी शांत असतं, आणि बोट ठरावीक वेळच थांबते. गुडघेवाल्यांचा प्रश्न चढायचा कमी, बोटीत उतरायचा जास्त. दोघांनी धरून उतरवलंत तर दरवाज्यापर्यंत आणि शिवराजेश्वराच्या देवळापर्यंत हळूहळू जातील. तटावर नेऊ नका, पायऱ्यांना कठडे नाहीत. आजी-आजोबांना विहिरी दाखवा: दूधबाव, साखरबाव, दहीबाव. चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोडं. 1664 साली काम सुरू झालं तेव्हापासून किल्ला त्यांच्यावर जगला. चुन्यात उमटलेले महाराजांच्या हातापायाचे ठसे तटाकडे आहेत, ते तरण्यांना.

ज्यांना किल्ला नकोच, त्यांना जय गणेश मंदिर आणि मग बाजारात खाजा घ्यायला बसवा. खाजा कडक असतो, कवळीवाल्यांनी जपून.

शुक्रवारी लग्नाची दगदग झाल्यावर लांब जाऊ नका. संध्याकाळी बंदराजवळ मासळीचा लिलाव लागतो. ओल्या वाळूवर सुरमया ओळीत मांडलेल्या, भोवती बायकांचा घोळका, बोली इतक्या झटपट की आकडा ऐकू येईपर्यंत टोपली उचललेली असते. तुमच्या माणसांना ते जेवणापेक्षा जास्त आवडेल, लिहून ठेवा. नेसूची लग्नातली साडी बदलून मग या.

धागाकर्ती

लिलाव पक्का! आमच्याकडे कापसाचा लिलाव बघत मोठी झालेली माणसं आहेत, ती तिथून हलणार नाहीत.

मग असं ठरवते. गुरुवारी सकाळी तरणे किल्ल्यावर, बाकीचे मंदिर आणि बाजार, दुपारी सगळे शाकाहारी. शुक्रवारी लिलाव. शनिवारी देवबाग, आणि तिथेच दोन पंगतीत मासे, पहिली पंगत काटे निवडता न येणाऱ्यांची. रविवारी गाडीच्या आधी वेळ आहे, वाटेत काही?

प्रतिसाद ३

कुडाळच्या रस्त्यावरच धामापूरचा तलाव आहे, 1530 सालचा. 2020 मध्ये सिंचनाचा जागतिक वारसा म्हणून नाव लागलं. काठाला भगवतीचं देऊळ, सावली भरपूर, म्हाताऱ्यांना बसायला उत्तम. थोडा जास्त वेळ असेल तर कुडाळच्या पुढे पिंगुळीला ठाकर कलाकारांच्या कळसूत्री बाहुल्या आणि चित्रकथी (चित्रं दाखवत सांगितलेली गोष्ट). तिथले परशुराम गंगावणे यांना 2021 ची पद्मश्री मिळाली. पोरं खूश होतील. पण कळवून जा, आणि गाडीच्या आधी तासभर स्टेशनवर पोचायचं हे विसरू नका.

प्रतिसाद १ (पुन्हा)

आणि ताई, शनिवारच्या पंगतीचा आकडा शुक्रवारी संध्याकाळी सहाच्या आत सांगा. त्यानंतर लिलाव उठतो.